हरियाणाचा गहू आणि टेंभुर्णीचं रान: एक पेपर वाचताना

गव्हातलं अचूक अन्नद्रव्य व्यवस्थापन आणि शून्य मशागत या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक पेपर हातात येतोच. तेक सापकोटा आणि सहकाऱ्यांचा, २०१४ साली 'फील्ड क्रॉप्स रिसर्च'मध्ये आलेला. मी तर त्यातल्या ट्रीटमेंट जशाच्या तशा उचलून टेंभुर्णीच्या प्लॉटसाठी लिहून टाकल्या होत्या. ज्यांच्या रानात प्लॉट घ्यायचा होता त्या तात्यांना आराखडा दाखवला. ते म्हणाले, "न नांगरता पेरायचं म्हणतोस, पर उसाच्या खोडक्यात पाभर चालंल का रं?" मग पेपर पुन्हा वाचला, या वेळी जरा नीट.

आधी पेपर काय म्हणतो ते बघू. हरियाणाच्या ७ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या रानात १५ प्रयोग, २०१०-११ आणि २०११-१२ अशा दोन रब्बीत. एकीकडे नेहमीची मशागत, दुसरीकडे शून्य मशागत. खताच्या पाच पद्धती: शेतकऱ्याची, राज्य शिफारशीची, आणि 'न्यूट्रिएंट एक्स्पर्ट' या संगणकीय प्रणालीनं काढलेली मात्रा तीन प्रकारे. पहिल्यात ८० टक्के नत्र पेरणीला, २० टक्के दुसऱ्या पाण्याला. दुसऱ्यात तीन समान हप्ते. तिसऱ्यात ८० टक्के पेरणीला, पुढचं 'ग्रीनसीकर' सेन्सर सांगेल तसं. निष्कर्ष असा की शून्य मशागतीत उत्पादन, खताची कार्यक्षमता आणि नफा जास्त, हरितगृह वायू कमी.

पेपरचं बळ मान्य करायलाच हवं. प्रयोग संशोधन केंद्राच्या लाडक्या प्लॉटवर नाहीत, शेतकऱ्यांच्या रानात आहेत. शिवाय प्रणाली एकच ठेवून हप्ते बदलले, म्हणून विभागणीचा परिणाम वेगळा बघता येतो.

पण तीन ठिकाणी थांबावं लागतं.

पहिलं, 'शेतकऱ्याची पद्धत' विरुद्ध 'अचूक पद्धत' या तुलनेत मात्रा, नत्र-स्फुरद-पालाशचं प्रमाण आणि देण्याची वेळ हे सगळं एकदम बदलतं. फरक दिसला तर श्रेय नेमकं कशाला द्यायचं? नुसता पालाश वाढवून तेवढंच उत्पादन आलं असतं का, याचं उत्तर ही तुलना देऊ शकत नाही.

दुसरं, सेन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये ८० टक्के नत्र सेन्सर बाहेर काढण्याआधीच जमिनीत गेलेलं असतं. मग सेन्सर ठरवणार ते काय? उरलेली शेपटी. ही ट्रीटमेंट कॉपी करून 'सेन्सरचा फायदा नाही' किंवा 'आहे' असं लिहिणं दोन्ही घाईचं होईल.

तिसरं, हरितगृह वायू प्रत्यक्ष मोजलेले नाहीत. 'कूल फार्म टूल' या मॉडेलनं अंदाज काढला आहे. मॉडेलमध्ये खत आणि डिझेल कमी भरलं की उत्सर्जन कमी येणारच. म्हणून उद्धृत करताना 'अंदाजे' हा शब्द गाळू नका.

आता टेंभुर्णी. त्या पट्ट्यात गहू बहुतांशी भातानंतर येतो. ओली जमीन तयार करण्यात दिवस जातात, पेरणी लांबते आणि दाणे भरताना उन्हाचा चटका बसतो. नांगरट टाळली की पेरणी लवकर होते. शून्य मशागतीच्या यशात या वाचलेल्या दिवसांचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर ऊस आहे. खोडवा मोडून गहू करायचा तर पेरणीची तारीख नांगर ठरवत नाही, तोडणीची टोळी ठरवते. वर न नांगरलेली खोडकी पुन्हा फुटतात, आणि रानात पाचट पडलेलं असतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत वरून फोकलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. पाचटावर पडला तर जास्तच. त्यामुळे पेरणीचं खत बियाण्याशेजारी मातीत पडेल असं यंत्र नसेल, तर '८० टक्के पेरणीला' हे इथे महागात पडेल.

आपल्याकडची वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४०. निम्मं नत्र पेरणीला, निम्मं २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना. हे निम्मं म्हणजे ६० किलो नत्र, साधारण १३० किलो युरिया, ४५ किलोच्या जवळपास तीन गोण्या. सेन्सरला खरंच काही ठरवू द्यायचं असेल तर यातला मोठा वाटा त्याच्यासाठी राखायला हवा. तोही २१ व्या दिवशी नाही, कारण तेव्हा सेन्सरला पानांपेक्षा मातीच जास्त दिसते. कांडी धरताना वापरावा.

मी आराखडा बदलला. गहू उसाऐवजी सोयाबीनच्या रानात घेतला. एक ट्रीटमेंट वाढवली: मात्रा शेतकऱ्याचीच, फक्त वेळ बदललेली. तात्या म्हणाले, "हां, आता चालंल पाभर."

यात लेखकांवर दोष नाही. त्यांनी शीर्षकातच 'वायव्य भारत' लिहिलं आहे, निष्कर्षही तेवढ्यापुरताच काढला आहे. तो शब्द ओलांडून ट्रीटमेंट उचलली मी. तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा प्रत्येक ट्रीटमेंटपुढे एक ओळ लिहा: ही तिथे का चालली, आणि ते कारण माझ्या रानात आहे का? ओळ लिहिता आली नाही, तर गाइडकडे जायच्या आधी एकदा रानात जाऊन या.