तीन शब्दांची कथा : 'राहुल वेड्स अंजली'

जालना जिल्ह्यात अलीकडे लिहिल्या गेलेल्या सगळ्यांत यशस्वी लघुकथेत फक्त तीन शब्द आहेत. लेखक : आयकर खाते. प्रकाशनकाळ : ऑगस्ट २०२२चा पहिला आठवडा. माध्यम : मोटारीच्या काचेवर चिकटवलेला कागद. पूर्ण कथा अशी : 'राहुल वेड्स अंजली'.

आता संदर्भासह स्पष्टीकरण. जालन्यात स्टील, कापड आणि जमीनजुमल्याचा धंदा करणाऱ्या दोन उद्योगसमूहांवर छापे टाकायचे होते. त्यासाठी बातम्यांनुसार अडीचशेवर अधिकारी-कर्मचारी आणि शंभरावर गाड्या शहरात उतरवायच्या होत्या. जालना काही एवढे मोठे शहर नाही. परगावच्या चार पांढऱ्या गाड्या एका चौकात उभ्या राहिल्या, तर चहावाला पाचव्या मिनिटाला विचारतो, 'साहेब, कुठून आलात?' मग शंभर गाड्यांचे काय करायचे? खात्याने त्यांचे वऱ्हाड केले. काचांवर स्टिकर लागले आणि परवलीचा शब्द ठरला 'दुल्हन हम ले जायेंगे'. बातमी देशभर फुटली ती ११ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी. त्याच दिवशी आमीर खानचा 'लालसिंग चड्ढा' आणि अक्षयकुमारचा 'रक्षाबंधन' हे दोन मोठे चित्रपट लागले आणि दोन्ही आपटले. हाऊसफुल्ल गेला तो जालन्याचा खेळ.

मी हे लिहितो आहे आष्टीहून. परतूर तालुक्यातली आष्टी, हे आधीच सांगितलेले बरे. मथळ्यांच्या जगात आष्टी म्हटले की बीडची आष्टी, नाहीतर १९४२च्या हुतात्म्यांमुळे वर्ध्याची. २०२२च्या सप्टेंबरात 'आष्टीला रेल्वे आली' असे झळकले, ते बीडच्याच आष्टीबद्दल. आमचे स्टेशन अजून परतूरच. त्यामुळे ठळक अक्षरांची सवय नसलेल्या या मुलखाला आपल्याच जिल्ह्याची बातमी दिल्लीच्या वाहिन्यांवर, तीही ढोल-सनईच्या पार्श्वसंगीतासह, दिसली तेव्हा हॉटेलातला चहा बराच वेळ थंड होत राहिला. मोबाइल या हातातून त्या हातात जात होता आणि प्रत्येक जण पैशांच्या थप्प्यांच्या आधी स्टिकरबद्दल बोलत होता. त्यामुळेच मला ही बातमी अर्थकारणाच्या पानापेक्षा वाङ्मयाच्या पानावर वाचावीशी वाटते.

आधी नावे पाहू. या कथेतल्या राहुलला आडनाव नाही, अंजलीला माहेर नाही. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत आडनाव, गाव, आजोबा, मामा, 'आमच्या येथे श्री कृपेकरून' आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली असा सगळा गोतावळा असतो. त्यातून जात, पोटजात, ऐपत आणि पक्षसुद्धा कळतो. स्टिकरला मात्र हा नियम लागू नाही. तिथे दोन नावे आणि मध्ये 'वेड्स' एवढ्यावर भागते. खात्यातल्या अनामिक लेखकाने नेमकी ही सवलत वापरली. आडनाव घातले असते, तर 'म्हणजे कुणाचा राहुल?' असा शोध सुरू झाला असता आणि मराठवाड्यात असा शोध दोन फोनांत संपतो. राहुल हे नाव तर निवडीचा कळस. ते बुद्धाच्या मुलाचे नाव म्हणून बौद्ध वस्तीत आहे, मराठ्यांच्या वाड्यात आहे, मारवाडी पेढीवर आहे. राहुल वऱ्हाड घेऊन कोणत्याही गल्लीत शिरला तरी तो तिथलाच वाटतो. अंजलीचेही तेच.

शिवाय ही दोन नावे जोडीने आली की वाचकाच्या मनात आपोआप गाणे वाजते. १९९८ सालच्या 'कुछ कुछ होता है'ने शाहरुख आणि काजोल यांच्या रूपाने ही जोडी घरोघर पोचवली. संशय घ्यायला निघालेला माणूस गाणे गुणगुणायला लागला की संपले. लेखकाला हे ठाऊक असणार. पण आता जरा बारकाईने पाहा. त्या चित्रपटात 'राहुल वेड्स अंजली' अशी पत्रिका छापली जायला वावच नाही! राहुलचे पहिले लग्न होते टीनाशी. शेवटी मांडव पडतो तो अमन आणि अंजलीच्या लग्नाचा. अमन म्हणजे सलमान खान. पाहुणे येतात एका लग्नाला आणि लागते दुसरेच. ऐन वेळी नवरदेव बदलतो आणि राहुल नवरी घेऊन जातो. बाहेरून एक समारंभ, आतून दुसरा. जालन्यात नेमके हेच घडले. स्टिकर ठरवणाऱ्याने एवढा विचार केला असेल का? केला नसेल. पण चांगल्या कलाकृतीत लेखकाच्या नकळतही काही उतरते, असे आमचे समीक्षक सांगतात. ती सवलत सरकारी लेखकाला का नाकारावी?

त्यातून परवलीच्या शब्दाने हा धागा आणखी पुढे नेला. 'दुल्हन हम ले जायेंगे' हा २००० सालचा डेव्हिड धवनचा चित्रपट, आणि नायक पुन्हा सलमान. म्हणजे १९९८ साली ज्याच्या हातून नवरी गेली, तो दोन वर्षांनी 'आम्हीच नेणार' म्हणत परत आला. त्या चित्रपटात नवरीला तीन मामा आणि तिघांचे छंद तीन. नायक एकेकाची मर्जी सांभाळत, वेश आणि बतावणी करत घरात शिरतो. घरात शिरण्यासाठी आधी घरातल्यांना आवडेल असे काहीतरी व्हायचे, हे तत्त्व खात्याने जसेच्या तसे उचलले. फरक इतकाच की या लग्नात नवरी होती तिजोरी.

ज्या खात्याच्या एरवीच्या गद्यात 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'विहित मुदतीत खुलासा सादर न केल्यास' याखेरीज दुसरा रस सापडत नाही, त्याच्या एखाद्या टेबलावर असा लेखक बसलेला असावा, ही मला पैशांच्या थप्प्यांपेक्षा मोठी बातमी वाटते. त्याला पुरस्कार मिळणार नाही. गोपनीय शेऱ्यात 'समाधानकारक' एवढे लिहिले गेले, तरी खूप.

तरी कथेत एक ढळढळीत दोष आहे आणि तो कुणी दाखवला नाही याचे मला नवल वाटते. त्या वर्षी आषाढी एकादशी झाली १० जुलैला. नागपंचमी होती २ ऑगस्टला. म्हणजे हे वऱ्हाड निघाले भर श्रावणात, चातुर्मासात. तुळशीचे लग्न लागल्याशिवाय आपल्याकडे बोहले घालत नाहीत. गावातल्या कोणत्याही आजीने ते स्टिकर पाहिले असते, तर डोळ्यांवर हात धरून विचारले असते, 'अगं बाई, आत्ता कशाचं लग्न?' आणि सगळा बेत तिथेच फसला असता. पंचांगवाले चातुर्मासातही अडीनडीचे मुहूर्त छापतात हे खरे, पण अडीनडीच्या लग्नाला शंभर गाड्यांचे वऱ्हाड कोण नेतो? इतका उघड पुरावा डोळ्यांसमोरून गेला आणि मुहूर्त पाहिल्याशिवाय दुकानाचा गल्ला न उघडणाऱ्या बाजारपेठेला तो दिसला नाही. पंचांगापेक्षा पडद्याची सवय भारी पडली, दुसरे काय. लग्नाचा मुहूर्त नसला तरी पंचांगात 'घबाड' असतेच, आणि मराठी वृत्तपत्रांनी पुढे तोच शब्द आठ दिवस वापरला.

आकड्यांकडे वळू, कारण मथळे तिकडेच वळले. सुमारे ३९० कोटींची बेहिशेबी मालमत्ता आणि ३२ किलो सोने असे सांगितले गेले. रोख रक्कम कुणी ५६ कोटी छापली, कुणी ५८. दोन कोटींचा फरक कुणालाही खटकला नाही. एरवी आपण भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडतो. सुरुवातीला घरांत फारसे काही हाती लागले नाही, मग शहराबाहेरच्या फार्महाऊसवर नोटांच्या थप्प्या सापडल्या, असा कथेला मध्यंतरानंतरचा कलाटणीचा प्रसंगही होता. 'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण तर मथळेवाल्यांच्या दारात आयती चालून आली.

पण माझे मन रमते ते ३५ कापडी पिशव्यांपाशी. नोटा त्यांत भरून जालन्याच्या स्टेट बँकेत नेल्या आणि मोजायला १३ तास लागले. चित्र डोळ्यांसमोर आणा. लोखंडी पेटी नाही, चामड्याची बॅग नाही, सिनेमात असते तशी खट्ट करून उघडणारी ब्रीफकेस तर नाहीच. साधी कापडी पिशवी, तोंड दोरीने आवळता येईल अशी. एका पिशवीत सरासरी दीड कोटीच्या वर. समोर नोटा मोजायची यंत्रे फरफरत आहेत. यंत्र तापते, नोट अडकते, गठ्ठा पुन्हा लावावा लागतो. मोजणाऱ्याच्या बोटांना नोटांचा तो कोरडा, पिठूळ वास चिकटतो. त्याचा स्वतःचा पगार महिनाअखेरीला खात्यात येतो आणि येतो तसा हप्त्यांत जातो. या लग्नात खरे राबले ते हे वाढपी, आणि त्यांचा फोटो कुणी छापला नाही.

आष्टीच्या कट्ट्यावर त्या रकमेचा हिशेब लगेच पिकात मांडला गेला. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,३०० रुपये. ५८ कोटींत बसतात सुमारे १ लाख ३५ हजार क्विंटल. एकरी ८ क्विंटल धरले, तर जवळपास १७ हजार एकरांचे पीक एका फार्महाऊसवर निवांत पडून होते. हे गणित ऐकून एकाने फक्त 'मोजायला तेरा तास, पिकवायला किती?' एवढेच विचारले. त्याच पावसाळ्यात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायी कोवळे सोयाबीन फस्त करत होत्या. ती बातमी आतल्या पानावर होती. गोगलगायीला स्टिकर कोण लावणार?

आणि काळही मोठा मजेचा होता. जूनमध्ये बंडखोर आमदार शहाजीबापू पाटलांची गुवाहाटीची झाडी आणि डोंगार राज्यभर गाजून झाले होते. ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्या बंडखोरांना उद्देशून 'पन्नास खोके'च्या घोषणा सुरू झाल्या. मुंबईच्या भाषेत खोका म्हणजे कोटी, हे त्या महिन्यात शाळकरी पोरांनाही कळले. राज्यात खोक्यांची चर्चा आणि जालन्यात पिशव्यांचा पंचनामा. खोके कुणी पाहिले नव्हते, पिशव्यांचे मात्र फोटो होते. लोकांना निदान एका ठिकाणी डोळ्यांनी पाहायला मिळाले, याचाही थोडा आनंद त्या हशात असावा.

स्टिकरची ताकद किती, याचा पुरावा हवा असेल तर एक वर्ष मागे जा. २०२१च्या सप्टेंबरातही जालन्याच्या स्टील कारखान्यांवर आयकराचे छापे पडले होते. ३०० कोटींहून अधिक बेहिशेबी उत्पन्न उघड झाल्याचे खात्याने तेव्हा अधिकृतपणे सांगितले होते. आठवतात कुणाला? जिल्हा तोच, धंदा तोच, रक्कमही काही किरकोळ नव्हे. पण त्यात राहुल नव्हता, अंजली नव्हती. अंजलीविना ३०० कोटी विस्मरणात गेले. आपण बातमी ऐकतो ती गोष्टीसाठी, हिशेबासाठी नव्हे. म्हणूनच १९८७ साली मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ सीबीआयची नकली धाड पडली, तिच्यावर २०१३ साली 'स्पेशल छब्बीस' निघाला. तिथे अधिकारी खोटे होते. जालन्यात अधिकारी खरे आणि वऱ्हाडी खोटे. पटकथा म्हणून मला दुसरी अधिक पसंत आहे.

फक्त तिचा उत्तरार्ध अजून माझ्या वाचनात आलेला नाही. छापा म्हणजे निकाल नव्हे. झडतीनंतर कागद तपासले जातात, नोटिसा निघतात, खुलासे येतात, आकारणी होते, अपिले होतात. त्यात ३९० कोटी कमी होतात की वाढतात, कुणाचे काय सिद्ध होते आणि कोण निर्दोष ठरतो, हे सगळे वर्षानुवर्षे चालते आणि त्यात नाचायला एकही प्रसंग नसतो. पहिल्या दिवशी ज्यांची अब्रू ढोल वाजवून वेशीवर टांगली, त्यांच्या प्रकरणाचा शेवट ठळक अक्षरांत छापलेला मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा संपादकमंडळींना आष्टीच्या एका वाचकाची विनंती आहे. या प्रकरणाचा अखेरचा निकाल लागेल तेव्हा तो पहिल्या पानावर, त्याच टायपात छापा, मग तो खात्याच्या बाजूने असो वा व्यापाऱ्यांच्या. मथळ्याला सिनेमाचे नाव हवेच असेल, तर सलमानचाच 'हम आपके हैं कौन' अजून रिकामा आहे.