शिक्षा की उपचार? १९८५च्या अमली पदार्थ कायद्याची चिकित्सा

(सोलापूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला दोन-तीन फोन आले. "सर, सत्तरी ओलांडल्यावर गांजाची वकिली कशाला?" असा त्यांचा सूर होता. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. आम्ही कुठल्याही नशेची वकिली करायला आलेलो नाही. आम्ही सुपारीसुद्धा खात नाही. 'नशा करणं वाईट आहे' हे एक विधान झालं. 'नशा करणं हा गुन्हा असला पाहिजे' हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे. खोटं बोलणं वाईट, आळस वाईट, म्हाताऱ्या आईला न विचारणं तर फारच वाईट. पण त्यासाठी आपण कुणाला कोठडीत टाकत नाही.

ज्या कायद्याची चिकित्सा करायची आहे, त्याचं नाव लांबलचक आहे : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. वर्तमानपत्रांत त्याला एनडीपीएस म्हणतात, आपणही तेच म्हणू. २३ ऑगस्ट १९८५ला विधेयक संसदेत मांडलं गेलं आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली. म्हणजे महिनाही लागला नाही. १४ नोव्हेंबरला कायदा लागू झाला.

आता दुसरी तारीख लक्षात ठेवा : २९ ऑगस्ट १९८६. त्या दिवशी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. ते दिवस 'गर्द'चे होते. चांगल्या घरची, गरीब घरची, सगळीच मुलं ब्राऊन शुगरच्या पायी वाया जात होती. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी हे केंद्र उभं केलं. वर्षभराच्या आत एकाच संकटाला दोन उत्तरं मिळाली, बघा. दिल्लीनं विचारलं, याला शिक्षा किती द्यायची? पुण्यात एका डॉक्टर बाईनं विचारलं, याला बरं कसं करायचं? पहिल्या प्रश्नावर आपण किती पैसा आणि मनुष्यबळ खर्चलं आणि दुसऱ्यावर किती, याचा हिशेब चाळीस वर्षांनी तरी मांडायला हवा.

कायद्याचा मजकूर वाचू. कलम २७ म्हणतं, सेवन करणं हा गुन्हा. हेरॉइन, कोकेन वगैरेंसाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासारख्या इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही. त्याच कायद्याचं कलम ६४ अ म्हणतं, व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवू नये. चांगलं आहे की! पण पुढे अट आहे : उपचार पुरा केला नाही, तर हे संरक्षण काढून घेता येईल. आता व्यसनमुक्तीचं काम करणारा कुणीही सांगेल, की माणूस पहिल्याच फेरीत सुटतो असं नाही. तो घसरतो, परत येतो, पुन्हा घसरतो. घसरणं हा त्या आजाराचाच भाग आहे. मधुमेहाच्या रुग्णानं लग्नात जिलेबी खाल्ली म्हणून डॉक्टर त्याला पोलिसांत देत नाहीत. एकच कायदा एकाच माणसाला रोगीही म्हणतो आणि गुन्हेगारही म्हणतो. तर्कशास्त्रात याला विसंगती म्हणतात.

दुसरी गोष्ट वजनाची. २००१च्या दुरुस्तीनं पदार्थाच्या प्रमाणावरून शिक्षा ठरू लागली. हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत असेल तर 'अल्प', अडीचशे ग्रॅमच्या वर गेलं तर 'व्यापारी'. ही सुधारणाच होती. पण २०२०मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की भेसळीसकट पुडीचं सगळं वजन धरायचं. न्यायालयानं कायद्याचा अर्थ लावला, ते त्याचं कामच आहे. पण परिणाम काय होतो? शुद्ध माल श्रीमंताकडे असतो. गरिबाच्या पुडीत भेसळच जास्त. नशा कमी, वजन जास्त, म्हणून शिक्षाही जास्त!

तिसरी गोष्ट. गांजा, चरस आणि भांग एकाच झाडाची लेकरं. या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत राळ येते, फुलोरा येतो. नुसती पानं येत नाहीत. म्हणून शिवरात्रीची ठंडाई त्यातून सुटते. आपल्या राज्यात तिच्यासाठी वेगळे नियम आहेत, तो भाग वेगळा. आणि दारू? महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे. त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि तो 'आरोग्याच्या कारणासाठी' दिला जातो. या सभागृहात किती जणांच्या खिशात तो आहे, हे आम्ही विचारत नाही. (हशा) हसू नका. कायदा मोडणारे आपणही आहोत. फरक एवढाच, की आपल्या दारात कुणी येत नाही. मग कुणाच्या दारात येतात? मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या अशा खटल्यांचा एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक खटले गांजा ओढल्याचे, आणि आरोपी बहुतेक हातावर पोट असलेले. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. नोंद मात्र मागे राहते.

चौथी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. या कायद्याच्या धास्तीनं मॉर्फिन ठेवणं हाच जोखमीचा आणि परवान्यांचा उद्योग होऊन बसला. देशभर त्याचा वैद्यकीय वापर घसरला. आपल्या जिल्ह्यात, बार्शीला, नर्गिस दत्त यांच्या नावानं कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाची शेवटची वेदना ज्यांनी घरात पाहिली आहे, त्यांना मॉर्फिन म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २०१४मध्ये कायदा बदलून हे नियम सैल केले. म्हणजे एकोणतीस वर्षं नशेखोराला शिक्षा करण्याच्या भरात आपण मरणाऱ्या माणसाचं औषध अडवून धरलं होतं.

आता थोडं तत्त्वज्ञान. तो आमचा जुना रोग आहे. १८५९मध्ये जॉन स्टुअर्ट मिलनं म्हटलं, की समाजानं व्यक्तीवर सक्ती करावी ती इतरांची हानी टाळण्यासाठी. केवळ त्याच्या भल्यासाठी नव्हे. यावर लगेच उत्तर येतं, 'व्यसनी माणूस स्वतंत्र असतो कुठं? त्याची इच्छाच गहाण पडलेली असते.' कबूल. पण मग पुढे चला. तो स्वतंत्र असेल आणि फक्त स्वतःचं नुकसान करत असेल, तर त्यात पोलिसांचं काम नाही. आणि तो स्वतंत्र नसेल, तर शिक्षेला आधार काय? जे त्याच्या हातात नाही त्याबद्दल शिक्षा देणं याला न्याय म्हणत नाहीत. कुणी म्हणेल, इतरांना जरब बसावी म्हणून. तर त्याला कांटचं उत्तर आहे : माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. आणि जरब बसली का? केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेलं सर्वेक्षण २०१९मध्ये आलं. अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे सव्वादोन कोटी, त्यांतले मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख. जरब अशी असते का?

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्या फायद्याची नाही.

१९८८च्या सुमारास आम्ही एका महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर होतो. गाव सांगत नाही. वसतिगृहातल्या एका मुलाच्या ट्रंकेत चिलीम आणि गांजाची पुडी सापडली. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, तर्कशास्त्रात वर्गात पहिला. कायदा नवा होता, कडक होता. 'उदाहरण घालून दिलं पाहिजे' असं ठरलं. दाराशी उभा असलेला शिपाई दबक्या आवाजात म्हणाला, "सर, त्याच्या बापाला बोलवून घ्या की." आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पोलिसांना द्यायच्या पत्रावर सही केली. पुढे किती तारखा पडल्या ते आम्ही विचारलंसुद्धा नाही. मुलगा परत वर्गात आला नाही. वीसेक वर्षांनी एका एसटी स्टँडवर भेटला. ओळखलं त्यानंच. 'सर' म्हणून वाकून नमस्कार केला. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत तीनदा नोकरी गेली, असं सहज बोलण्यात सांगितलं. गांजा कधी सुटला? "तो काय सर, त्याच वर्षी सुटला." गांजा वर्षात सुटला, शिक्का वीस वर्षांत सुटला नाही. तो शिक्का मारणाऱ्यांत आमचा हात होता.

सोलापूरकरांना शिक्का म्हणजे काय हे आम्ही काय सांगावं? याच गावात सेटलमेंट आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. तारेच्या कुंपणात ठेवली, हजेऱ्या घेतल्या, गिरण्यांत राबवली. १९५२मध्ये कायदा गेला, पण 'सेटलमेंटचा' हा शब्द किती दिवस तोंडातून गेला नाही, ते तुम्हीच आठवा. तो कायदा काय केलं हे न बघता कोण आहे एवढंच बघायचा. व्यसनी माणसाच्या बाबतीत आपण त्याच वाटेनं चाललो आहोत.

आता विरोधी बाजू, कारण ती खरी आहे. नवऱ्याच्या व्यसनानं ज्या बाईचं घर मोडलं, तिला मिल सांगून भागत नाही. चंद्रपूरच्या बायकांनी लढून २०१५मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली; २०२१मध्ये सरकारनं ती उठवली. त्या बायकांचा राग आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण त्या बाईला नेमकं काय हवं असतं? मारहाण थांबायला हवी असते, पगार घरी यायला हवा असतो. मारहाणीला कायदा आहे, तो जरूर वापरा. पण कमावता माणूस पुडीपायी आत गेला, तर वकिलाचे पैसे तिनंच उभे करायचे असतात.

दुसरा आक्षेप : अमेरिकेतल्या ओरेगॉननं हे करून पाहिलं आणि माघार घेतली. खरं आहे. २०२१मध्ये त्यांनी शिक्षा काढली आणि २०२४मध्ये परत आणली. का? शिक्षा एका दिवसात काढता येते, उपचार केंद्र एका दिवसात उभं राहत नाही. त्यांनी पहिलं केलं, दुसरं मागे पडलं. पोर्तुगालनं २००१मध्ये दहा दिवसांच्या वापराइतका साठा फौजदारीतून बाहेर काढला, पण त्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याला कायद्याचा जाणकार, समाजसेवक, मानसतज्ज्ञ अशांच्या समितीपुढे जावं लागतं. तिथं पदार्थ आजही बेकायदाच आहे. फक्त माणूस गुन्हेगार नाही.

तिसरा आक्षेप अगदी दारातला. ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीत मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला. त्यांना सोडायचं का? मुळीच नाही! कारखाना, साठा, विक्री, पोरांना जाळ्यात ओढणं हे गुन्हेच आहेत आणि राहिले पाहिजेत. उलट आमची तक्रार ही, की ओढणाऱ्या पोरांच्या मागे पोलिसांचे जेवढे दिवस जातात, तेवढे कारखान्यापर्यंत पोचायला कमी पडतात.

आणि दुसरी वाट आपल्याला परकी नाही. २०२१मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर वर्षानुवर्षं धाडी पडत होत्या. धाड पडली की चार दिवसांनी भट्टी परत पेटायची. मग अधिकाऱ्यांनी एकेक वस्ती दत्तक घेतली. धाडी चालू ठेवल्या, पण जोडीला समुपदेशन केलं, दुसरा रोजगार मिळवून द्यायची खटपट केली. तिथं तर दारू पिणारा नव्हे, गाळणारा होता! गाळणाऱ्यासाठी जे पोलिसांना सुचलं, ते ओढणाऱ्यासाठी कायद्याला सुचू नये?

तेव्हा आमचं मागणं चार वाक्यांत. कलम २७ फौजदारीतून काढा आणि स्वतःपुरत्या अल्प साठ्यालाही तोच न्याय लावा. वजन शुद्ध पदार्थाचं धरा. कलम ६४ अ मधली, घसरला की संरक्षण गेलं ही अट काढा. आणि हे सगळं करण्याआधी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा आणि डॉक्टर द्या. आधी, नंतर नव्हे. हे काही क्रांतिकारक नाही. २०२१मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानंही व्यक्तिगत वापराचा अल्प साठा गुन्ह्यातून वगळावा अशी शिफारस केल्याच्या बातम्या होत्या. राज्यघटनेचं अनुच्छेद ४७ दारूबंदीवाले नेहमी दाखवतात. त्याचं शीर्षक वाचा. ते पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्याबद्दल आहे. घटनाकारांनी हा प्रश्न आरोग्याच्या खात्यात टाकला होता. तुरुंगाच्या खात्यात तो आपण नेला.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले : "सर, बोलायला ठीक आहे. उद्या तुमच्याच नातवाला ही सवय लागली तर?")

तर आम्ही घाबरू. रागावू. रात्रभर झोपणार नाही. आणि सकाळी डॉक्टरांना फोन करू. आता आम्ही तुम्हांला विचारतो : तुमच्या नातवाला लागली, तर तुम्ही पोलिसांना फोन कराल? (शांतता) नाही ना? मग जे आपल्या घरातल्या पोरासाठी नको वाटतं, ते दुसऱ्याच्या पोरासाठी कायद्यात कशाला ठेवायचं? आम्ही ते एकदा केलं आहे. त्या शिपायाचं ऐकायला हवं होतं.