‘रन’ या इंग्रजी क्रियापदाची अनेकार्थता : कोशातील अर्थसंख्येची चिकित्सा

एखाद्या शब्दाला किती अर्थ आहेत, हा प्रश्न वरवर पाहता मोजणीचा वाटतो. कोश उघडावा, नोंदीखालील अर्थ मोजावेत आणि आकडा सांगावा, एवढेच त्यात अभिप्रेत असावे अशी सर्वसाधारण समजूत असते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 मधील वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाला सुमारे 430 अर्थ दिलेले होते आणि इंग्रजीतील सर्वाधिक अर्थांचा शब्द म्हणून त्याचा उल्लेख सर्वत्र होत असे. कोशाच्या पुनर्संपादनात हा मान ‘रन’कडे गेला. क्रियापद म्हणून त्याचे 645 अर्थ नोंदले गेले. या एका नोंदीवर कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांना कित्येक महिने काम करावे लागले. परंतु हा आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

सायमन विंचेस्टर यांनी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधील लेखात या बदलाची सांगड आधुनिक जीवनाच्या गतीशी घातली. ‘सेट’ हे स्थितिवाचक क्रियापद मागे पडून ‘रन’ हे गतिवाचक क्रियापद पुढे यावे, यात त्यांना काळाची खूण दिसली. ही कल्पना आकर्षक आहे. परंतु भाषिक पुरावा म्हणून ती फार टिकाऊ नाही. यंत्रयुग मराठी भाषकांच्याही वाट्याला आले, मात्र मराठीत यंत्र धावत नाही, ते ‘चालते’. घड्याळ, गिरणी, पंखा, संगणक ही सर्व चालतात. गतिमान युगाने शब्दांनाही धावायला लावले असे मानायचे, तर मराठीतील यंत्रे मात्र चालतच का राहिली याचे उत्तर द्यावे लागेल.

मुळात अशा क्रियापदांची अडचण कोशकारांना नवी नाही. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशात ‘टेक’ या क्रियापदाच्या अर्थांची संख्या 134 पर्यंत गेली होती. ज्यांचा अर्थ सैल आणि वापर अनिश्चित आहे अशा क्रियापदांनी कोशकाराला कसे जेरीस आणले, याची कबुली जॉन्सन यांनी प्रस्तावनेत दिली असून त्यांच्या यादीत ‘रन’ही आहे. म्हणजेच यंत्रयुग भरात येण्यापूर्वीच हा शब्द कोशकाराला छळत होता.

‘रन’च्या अर्थांची वाढ कशी होते हे पाहण्यासाठी त्याच्यासोबत येणारी नामे पाहणे आवश्यक ठरते. मुलगा ‘रन’ करतो तेव्हा पायांनी वेगाने जाणे अभिप्रेत असते. नदी किंवा नाक ‘रन’ करते तेव्हा प्रवाह. कापडाचा रंग ‘रन’ करतो तेव्हा तो पसरणे. बस ‘रन’ करते तेव्हा ठरावीक वेळी ये-जा. नाटक ‘रन’ करते तेव्हा प्रयोगांचे सातत्य. रस्ता टेकडीच्या कडेने ‘रन’ करतो तेव्हा तर कशालाही गती नसते, पाहणाऱ्याची नजर तेवढी सरकते. लिओनार्ड टाल्मी यांनी अशा प्रयोगांना कल्पित गतीचे प्रयोग मानले आहे. या प्रत्येक ठिकाणी अर्थाचा मोठा भाग कर्त्याच्या किंवा कर्माच्या नामातून येतो. वाहणे हे नदीचे व नाकाचे लक्षण असताना ते क्रियापदाच्या खात्यावर जमा करायचे की नाही, हा निर्णय भाषा घेत नाही, कोशकार घेतो. तो निर्णय बदलला की आकडाही बदलतो.

स्टीफन ग्रिस यांनी 2006 मध्ये याच क्रियापदाचा संग्रहाधारित अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष वापरातील शेकडो उदाहरणे तपासून त्यांनी जे अर्थ वेगळे केले, त्यांची संख्या शंभराच्याही बरीच आत राहते. वेगाने पायी जाणे हा त्यांपैकी आदिरूप अर्थ होय, असे त्यांनी दाखविले. शतकानुशतकांची अवतरणे जमविणारा ऐतिहासिक कोश आणि आधुनिक संग्रहाचा मर्यादित नमुना यांचे हेतू भिन्न आहेत, हे खरे. तरीही एकाच क्रियापदाबाबत दोन जबाबदार अभ्यासांच्या आकड्यांत एवढे अंतर पडत असेल, तर त्या आकड्याला शब्दाचा गुणधर्म मानणे कठीण आहे.

याचा अर्थ सर्व भेद कृत्रिम आहेत असाही नव्हे. चार्ल्स रूल यांनी ‘ऑन मोनोसेमी’ या 1989 मधील ग्रंथात शब्दाला शक्यतो एकच व्यापक अर्थ मानावा आणि उरलेले संदर्भावर सोपवावे, अशी भूमिका घेतली. ती कोशकाराच्या अतिविभाजनावर चांगला उतारा आहे. पण पुरेशी नाही. ‘ही रॅन अ शॉप अँड अ फीवर’ हे वाक्य इंग्रजी भाषकाला हास्यास्पद वाटते, कारण दुकान चालविणे आणि अंगात ताप असणे हे एका क्रियापदाखाली एकाच वेळी नांदू शकत नाहीत. जेथे अशी जोडणी विनोदी ठरते, तेथे अर्थभेद भाषकाच्या मनात खरोखर असतो.

आपल्याकडे या आकड्याचा एक निराळाच उपयोग होतो. ‘एका शब्दाला 645 अर्थ’ हे इंग्रजीच्या समृद्धीचे आणि पर्यायाने मराठीच्या तोकडेपणाचे प्रमाण म्हणून वर्गात व व्याख्यानांत सांगितले जाते. ही तुलना दोन कारणांनी सदोष आहे. पहिले कारण रूपरचनेचे. इंग्रजीत दुकान ‘रन’ होते आणि मालकही दुकान ‘रन’ करतो. मराठीत पहिल्यासाठी ‘चालणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘चालविणे’ हे प्रयोजक रूप आहे. इंग्रजीत तोच शब्द बदल न होता नामही होतो. मराठीत ‘धावणे’पासून ‘धाव’ वेगळी होते. इंग्रजी जे एका शीर्षशब्दाखाली कोंबते ते मराठी ‘धावणे’, ‘पळणे’, ‘वाहणे’, ‘चालणे’, ‘चालविणे’, ‘जाणे’, ‘संपणे’ यांच्यात वाटून देते. ‘रन आउट’ होण्याचे तर क्रिकेटमध्ये ‘धावबाद’ आणि स्वयंपाकघरात ‘साखर संपली’ असे दोन सरळ मार्ग होतात. अशा वेळी अर्थ कमी होत नाहीत, नोंदी वाढतात.

दुसरे कारण असे, की मराठीची स्वतःची अशी क्रियापदे मोजण्याची तसदी फारशी घेतली जात नाही. ‘लागणे’ हे क्रियापद पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, दार लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, डोळा लागतो, झाडाला फळे लागतात, वाटेत गाव लागते, विहिरीला पाणी लागते, बोट लागते, एखाद्याचे बोलणे मनाला लागते. ‘तो तुमचा कोण लागतो?’ यात नाते आहे, ‘जावे लागते’ यात सक्ती, ‘बोलू लागला’ यात आरंभ. शेवटच्या दोहोंत तर ते कोशातून उठून व्याकरणात गेले आहे. ‘चालणे’ही मागे नाही : नाणे चालते, खटला चालतो, डोके चालते, घरात कोणाचे तरी चालते आणि कोणाचे काही चालत नाही, शिवाय ‘चालेल’ या एका शब्दावर रोजचे निम्मे व्यवहार पार पडतात. दाते-कर्वे यांच्या 1932 ते 1938 या काळातील महाराष्ट्र शब्दकोशाने मोठे काम करून ठेवले, परंतु ऑक्सफर्डप्रमाणे अखंड पुनर्संपादनाची यंत्रणा मराठीला लाभली नाही. नोंदीची लांबी बऱ्याच अंशी अशा यंत्रणेवर ठरते. शब्दाच्या सामर्थ्याशी तिचा संबंध दूरचा आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात या गैरसमजाची किंमत विद्यार्थी मोजतो. ‘रन म्हणजे धावणे’ हे शालेय समीकरण घेऊन आलेल्या विद्यार्थ्यापुढे नंतर अर्थांची लांबलचक यादी ठेवली जाते आणि ती पाठ करण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. कर्त्याकडे व कर्माकडे पाहून क्रियापद वाचण्याची सवय त्याला लागत नाही. वस्तुतः ‘लागणे’च्या बाबतीत तो हे काम बालपणापासून करीत आलेला असतो, तेच कौशल्य इंग्रजी वाक्याकडे वळविता येते, हे मात्र त्याला कोणी दाखवीत नाही. अनुवादाच्या प्रश्नपत्रिकेत मग उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘धावतो’. अमेरिकी इंग्रजीत निवडणुकीला ‘रन’ करतात आणि ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड’. मराठी उमेदवारही ‘उभा’च राहतो. येथे गतीचे क्रियापद आणि स्थितीचे क्रियापद एकाच कृतीसाठी वापरले जाते, आणि दोन्ही बाजूंचे मतदार त्यातून तोच अर्थ घेतात.