जन्मांधाची पहाट

दक्षिण कोरियातल्या नोनसानच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात, प्रार्थनेच्या वेळी हजारो नवे जवान एकदम ‘सिलोआम’ गाऊ लागतात. शब्द आणि चाल दोन्ही शिन सांग-गुन यांची. गाणाऱ्यांतले कितीतरी जण ख्रिस्ती नसतात, चर्चमध्ये चोको पाय हा गोड खाऊ मिळतो म्हणून आलेले असतात. पण गाणं सुरू झालं की टाळ्या, उड्या, दोन ओळींच्या मधल्या जागेत आरोळ्या. हे भक्तिगीत आहे हे पटू नये, असा तो जल्लोष!

शब्दांकडे लक्ष दिलं की मात्र आपण थबकतो. गीतामागची कथा बायबलमधली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू थुंकीने चिखल कालवतो, जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला जेरुसलेममधल्या सिलोआमच्या तळ्यावर डोळे धुवायला पाठवतो. गीतकाराने चिखल गाळला, धुणंही गाळलं. तळ्याचं नुसतं नाव राखलं, तेही प्रभूचे आभार मानताना. त्याने आंधळ्यालाच बोलतं केलं आणि त्याच्याभोवती रात्र उभी केली.

काळोखात तो पहाट शोधायला निघतो. घंटा वाजते, कोंबडा आरवतो. उजाडल्याची वर्दी कानांना मिळते, डोळ्यांपुढची रात्र मात्र हलत नाही. मूळ कथेत ना घंटा आहे, ना कोंबडा. ही भर गीतकाराची, आणि अख्ख्या गीतात मला तीच सर्वांत मोलाची वाटते. पहाट झाली आहे हे ठाऊक असूनही ती आपल्या वाट्याला न येणं, हे आंधळेपण किती नेमकं पकडलंय! पुढे प्रभूची भेट होते तीही गार पहाटे. गारवा अंगाला कळतो, प्रभूचं प्रेम मनाला जाणवतं. ‘मला दिसलं’ असं तो कुठेच म्हणत नाही. उलट शेवटी विनवतो, की या स्वप्नातून मला कधी जाग येऊ देऊ नकोस.

हे गातात कोण? पहाटे हाकेसरशी उठणारी, रात्री पाळीपाळीने बराकीत पहारा देणारी, घरापासून तुटलेली विशीतली पोरं. न उजाडणारी रात्र आणि मोडू नये अशी झोप, दोन्ही त्यांच्या ओळखीची. श्रद्धा असो-नसो, या शब्दांत शिरायला त्यांना वेळ लागत नाही.

हेच गीत संथ गायलं की शेवटची विनवणी फार हळवी होते. जवान ती घसा ताणून करतात, आणि मला त्यांचंच गाणं मूळ कथेच्या जास्त जवळचं वाटतं. योहानाचा तो आंधळाही मवाळ नव्हता. दृष्टी आल्यावर शेजाऱ्यांना आणि परूशी धर्मपंडितांना तो तोंडावर उत्तरं देत राहिला, आणि त्यांनी त्याला हाकलून दिलं तरी बधला नाही.