अमर अश्व आणि मर्त्य वीर : 'इलियड'मधील अश्वप्रतिमेचा एक विचार

ग्रीक पुराणकथांत अश्वाचे स्थान केवळ वाहनाचे नाही. समुद्रदेव पोसायडन हा अश्वांचाही देव मानला जातो. मेडुसाच्या छिन्न मानेतून पंखधारी पेगासस जन्मतो, तर अथेनाच्या साहाय्याने घडविलेला लाकडी घोडा ट्रॉयच्या नाशास कारण ठरतो. देवांशी असलेल्या या संबंधामुळे अश्व हे दैवी कृपेचे व वीराच्या वैभवाचे प्रतीक आहे, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यातील अकिलिसच्या अश्वांचा विचार केल्यास ही बाब स्पष्ट होते.

झँथस व बालिअस हे दोन अश्व पश्चिमवारा झेफिरस आणि हार्पी पोडार्गी यांची संतती होत. ते अमर आहेत. पोसायडनने ते पेलिअसला दिले व पेलिअसकडून ते त्याच्या पुत्राकडे, अकिलिसकडे आले. १६ व्या सर्गात पॅट्रोक्लस त्यांच्या रथातून रणांगणावर जातो, तेव्हा त्यांच्या जोडीला पेडॅसस नावाचा तिसरा घोडा बांधलेला असतो. तो मर्त्य आहे. सार्पिडॉनचा भाला त्याला लागतो व तो कोसळतो. एकाच रथाला अमर आणि मर्त्य अश्व एकत्र जोडून कवीने पुढील शोकांतिकेची पूर्वसूचनाच दिली आहे. पेडॅससच्या पाठोपाठ पॅट्रोक्लसही मरण पावतो.

१७ व्या सर्गात हे अमर अश्व पॅट्रोक्लससाठी अश्रू ढाळतात. त्यांची आयाळ धुळीत लोळते, सारथी ऑटोमेडॉनच्या चाबकाला वा विनवणीला ते दाद देत नाहीत. हे पाहून झ्यूसला त्यांची दया येते. या अजर अश्वांना मर्त्य पेलिअसच्या हाती आपण का दिले, असा खेद तो व्यक्त करतो. पृथ्वीवर मानवाइतका दुःखी प्राणी नाही, असेही म्हणतो. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. झ्यूसची करुणा प्रथम अश्वांकडे वळते. मानवाचे दुःख त्याच्या लेखी अटळ आहे. अश्वांचे दुःख मात्र टळू शकले असते. म्हणजेच मृत्यूपासून मुक्त असलेल्यांनाही मानवाच्या सहवासात शोकाचा वाटा उचलावा लागतो.

१९ व्या सर्गात हा संबंध अधिक गहिरा होतो. पॅट्रोक्लसला रणात मृतावस्थेत सोडून आल्याबद्दल अकिलिस अश्वांना दोष देतो. हेराने दिलेल्या वाणीने झँथस उत्तरतो. दोष अश्वांच्या वेगाचा नव्हता. अकिलिसचा अंतही एक देव व एक मानव यांच्या हातून ठरलेलाच आहे, हे तो सांगतो. एरिनीज या देवता लगेच त्याची वाणी थांबवतात. वाऱ्याच्या वेगाने धावणारे अश्वही स्वामीला मृत्यूपासून दूर नेऊ शकत नाहीत. अकिलिस हे जाणतो आणि तरीही रणात उतरतो. त्याचे वीरत्व दैवी देणगीत नसून या जाणिवेत आहे.

नंतरच्या काव्यपरंपरेतही हाच भेद आढळतो. इ. स. पूर्व ५ व्या शतकातील कवी पिंडार बेलेरोफॉनची कथा सांगतो. पेगाससवर आरूढ होऊन स्वर्ग गाठू पाहणारा हा वीर खाली फेकला जातो. पेगाससला मात्र ऑलिंपसवर झ्यूसच्या अश्वशाळेत स्थान मिळते. अश्व सीमा ओलांडतो, स्वार ओलांडू शकत नाही.

या दृष्टीने हेक्टरचे चित्रणही अर्थपूर्ण ठरते. अकिलिसचे अश्व मर्त्यांना आवरणे कठीण आहे, असे १७ व्या सर्गात अपोलो त्याला बजावतो. पुढे त्याचाच मृतदेह अकिलिसच्या रथामागे फरफटत नेला जातो. असे असूनही महाकाव्याच्या अखेरच्या ओळीत, त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, कवी त्याचा उल्लेख 'अश्वांना वश करणारा' या विशेषणानेच करतो. अमर अश्व ज्याला कधीच लाभले नाहीत, त्या मर्त्य वीराला हा अंतिम मान मिळावा, यात होमरची मूल्यदृष्टी दिसते.

सारांश, 'इलियड'मधील अश्व देव व मानव यांना जोडतात, तसेच त्यांच्यातील अंतरही दाखवून देतात. दैवी कृपा वीराला वेग देते, आयुष्य देत नाही. हे सत्य उच्चारण्यासाठी कवीने अश्वाची निवड करावी, यातच या प्रतिमेचे खरे सामर्थ्य आहे.