सीमारेषेबाहेरील खेळाडू : बास्केटबॉलच्या नियमांचे अर्थनिर्णयन

बास्केटबॉलच्या नियमपुस्तिकेत सीमारेषेसंबंधी दोन भिन्न प्रकृतींचे नियम शेजारी शेजारी नांदतात. एक नियम खेळाडू कोठे आहे एवढेच पाहतो. दुसरा तो तेथे का गेला हे विचारतो. या दोहोंची गल्लत झाली की पंचाचा बिनचूक निर्णयही प्रेक्षकांस अन्यायकारक भासतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील शालेय नियमांच्या आधारे या गल्लतीचा विचार केला आहे.

पहिल्या प्रकारचा नियम भूमितीचा आहे. खेळाडूचे स्थान त्याचा जमिनीशी जेथे स्पर्श आहे त्यावरून ठरते, आणि तो हवेत असल्यास अखेरचा स्पर्श जेथे झाला तेच त्याचे स्थान. सीमारेषा ही क्रीडांगणाचा भाग नाही. त्यामुळे रेषेवर पाऊल पडले तरी खेळाडू बाहेर गेला. आत उभा असलेला खेळाडू बाहेरच्या दुसऱ्या खेळाडूला टेकला तर मात्र तो बाहेर ठरत नाही. या नियमात हेतूला कोठेही प्रवेश नाही.

बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत केव्हा आला असे मानावे? दोन्ही पाय आत टेकल्याशिवाय चेंडूस हात लावता येत नाही, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. एक पाऊल आत टेकले आणि शरीराचा कोणताही भाग बाहेर टेकलेला नसला की पुरे. दोन पायांची अट नियमात आहे, पण ती अन्यत्र : ड्रिबल करीत मध्यरेषा ओलांडताना चेंडू व दोन्ही पाय पुढील अर्ध्या भागात यावे लागतात, आणि बचावपटूस वैध बचावस्थिती प्रथम मिळविताना दोन्ही पाय जमिनीवर ठेवावे लागतात. तेथील अट येथे आणून बसविली गेली असावी.

शालेय नियमांच्या निर्णयसंग्रहातील एक उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. खेळाडू आतून उडी घेतो, बाहेर चाललेला चेंडू हवेतच पकडून आत टाकतो, स्वतः बाहेर पडतो आणि परत येऊन त्याच चेंडूस सर्वांआधी स्पर्श करतो. हा खेळ वैध आहे. परत येताच तो ड्रिबल करू लागला तरीही वैध. परंतु त्याने चेंडू दोन्ही हातांत उचलून मग ड्रिबल सुरू केले तर नियमभंग होतो, कारण ताब्यात आलेला चेंडू आत टाकणे हीच ड्रिबलची सुरुवात होती. म्हणजे दोष आढळलाच तर तो ड्रिबलचा. बाहेर जाऊन परत येण्याचा नव्हे.

दुसऱ्या प्रकारचा नियम अधिक अवघड आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे सिद्ध केलेल्या १३ नियमांत, बाहेर गेलेल्या चेंडूस जो प्रथम स्पर्श करील त्यानेच तो आत फेकावा अशी तरतूद होती. तेव्हा मैदान सोडून धावणे हा खेळाचाच भाग होता. ती तरतूद गेली आणि बाहेरची जागा दोन्ही संघांना सारखीच निषिद्ध झाली. पण आक्रमक खेळाडू अंत्यरेषेबाहेरून धावत जाऊन प्रतिस्पर्ध्यांची गर्दी चुकवू लागला तेव्हा ही समता मोडली. त्यावर शालेय नियमांनी ‘अनधिकृत कारणासाठी’ मैदान सोडण्यास मनाई केली. अधिकृत कारण कोणते, हे शब्दांत बांधणे सोपे नव्हते. शिवाय एकेकाळी याचा दंड तांत्रिक फाऊल, म्हणजे दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा, इतका जबर होता. अशा दंडापुढे पंचाचा हात आखडणे स्वाभाविकच. पुढे तो साध्या नियमभंगावर आला.

२०२३–२४ च्या हंगामापासून शालेय नियमांनी कसोटीच बदलली. खेळाडूने बाहेर पाऊल टाकले म्हणून दंड नाही. मात्र परतल्यावर चेंडूस प्रथम त्यानेच स्पर्श केला, किंवा एखादा नियमभंग टाळण्यासाठी तो बाहेर गेला, तर दंड आहे. हेतूचे ओझे बव्हंशी उतरवून ते परिणामावर टाकण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. पंचाला मन वाचावे लागत नाही, हात पाहावा लागतो. तथापि ही कसोटी शब्दशः लावली तर वर सांगितलेला, चेंडू वाचविणारा खेळाडूच प्रथम सापडेल. महाविद्यालयीन नियम स्वेच्छेने बाहेर जाण्याचा स्पष्ट उल्लेख करून हा धोका टाळतात. शालेय नियम वाचतानाही तो भेद गृहीत धरावाच लागतो; म्हणजे मागील दाराने हेतू पुन्हा आत येतोच.

‘प्रथम स्पर्श’ हे शब्दही वाटतात तितके सरळ नाहीत. अंत्यरेषेबाहेरून धावलेला खेळाडू आत येतो तेव्हा चेंडू सहकाऱ्याच्या हातात आहे; पुढच्याच क्षणी पास येतो आणि हा मोकळ्या जागेतून बास्केट करतो. काटेकोर वाचनानुसार प्रथम स्पर्श सहकाऱ्याचा, म्हणून दंड नाही. परंतु ज्या लाभासाठी हा नियम जन्मला तो लाभ येथे पुरेपूर मिळालेला आहे, आणि त्याच्यावर नेमलेला बचावपटू मात्र रेषेच्या आतच अडकून पडला आहे. रेषेवर पाय ठेवून त्याला वैध बचावस्थिती मिळविता आली नसती. सुटा चेंडू धावत जाऊन उचलणारा खेळाडू दोषी आणि हा निर्दोष, असे ठरविणारे वाचन शब्दांशी प्रामाणिक असेल, नियमाशी नाही.