पेशीमृत्यूची परिभाषा

रोगजंतूचा शिरकाव झालेल्या जागेवरील पेशी वनस्पती स्वतःच मरू देते. या घटनेस इंग्रजीच्या वळणाने 'पेशीची आत्महत्या' म्हटले जाते. या समासात कर्ता व कर्म एकच असतात, आणि तेवढ्यापुरता तो चुकीचाही नाही. कारण जंतूची चाहूल घेणारे प्रथिन बहुधा पेशीच्या आतच असते. आक्षेप निराळा आहे. मृत्यू कोठे थांबतो, हे या शब्दातून कळत नाही.

'अतिसंवेदनशील प्रतिक्रिया' ही संज्ञाही तपासण्यासारखी आहे. तिचे मूळ १९१५ साली स्टॅकमन यांनी तांबेऱ्याविषयी वापरलेल्या शब्दात आहे. प्रतिकारक्षम धान्यात बुरशी शिरताच पेशी इतक्या झपाट्याने मरतात की, जिवंत पेशीवरच पोसणाऱ्या तिची वाढ खुंटते, असे त्यांना दिसले. यात अर्थ त्वरेचा आहे. मराठीत मात्र 'अति' हा उपसर्ग अतिरेक, अतिसार, अतिक्रमण अशा शब्दांतून दोषच सुचवितो.

आपल्या विदर्भातील पऱ्हाटीचे उदाहरण घ्यावे. जिवाणूजन्य करपा पडला की रोगग्राही वाणाच्या पानावर पाणथळ, कोनाकृती ठिपके पसरतात. प्रतिकारक्षम वाणात जिवाणूंभोवतीच्या थोड्याच पेशी तपकिरी होऊन मरतात व त्यांत जिवाणूंना मारक द्रव्ये साठतात. करपणे दोन्हीकडे आहे. भेद मर्यादेचा आहे.

ही मर्यादा जनुकांच्या अधीन असते. ॲराबिडॉप्सिसमध्ये 'एलएसडी-१' हे जनुक निकामी झाले की एकदा सुरू झालेला पेशीमृत्यू आवरत नाही, सारे पान व्यापतो. १९९४ साली हे उत्परिवर्तन वर्णिले गेले. २०१० साली तेथेच एक मेटाकॅस्पेज मृत्यूस चालना देते व दुसरे त्यास आवर घालते, असे दिसून आले.

शत्रूला मेलेलीच पेशी हवी असेल तर? १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत 'व्हिक्टोरिया' ओटपासून तांबेरा-प्रतिकारासाठी काढलेले वाण एका नव्या करप्याने उद्ध्वस्त झाले. त्या बुरशीचे विष पेशीला मरणाकडेच ढकलीत होते. यास आत्महत्या म्हणणे म्हणजे मारेकऱ्यास मोकळे सोडणेच होय!

म्हणून पहिल्या प्रकारास 'सीमित पेशीमृत्यू' व दुसऱ्यास 'प्रेरित पेशीमृत्यू' म्हणावे, असे मी सुचवितो. 'करपा' हा शब्द रोगाच्या नावापुरताच ठेवावा. प्रतिकाराच्या ठिपक्यास तो लावू नये.